चौदा नंबरची वाळकी

शुक्रवार, १७ एप्रिल २००९. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात धम्मपाल शिंगेने एका धुळकट सीपीयूला मॉनिटर जोडला आणि बटण दाबलं. साडेनऊला लाईट जाणार होती. भारनियमनाचं वेळापत्रक त्याने दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवलं आहे आणि दिवसाची कामं तो त्याच्यावरूनच लावतो.

सीपीयू घेऊन आलेला केरबा स्टुलावर बसला होता. केरबाचं गगनबावड्याला एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन त्याच्या जावयाचं, घाटाखाली वैभववाडीला असलेलं. पंखा घरघरतोय, बदलून द्या, एवढीच तक्रार होती.

धम्मपालने पंख्याकडे बघितलंही नाही. कुठलंही मशीन दुकानात आलं की तो आधी एक गोष्ट करतो. 'माय कॉम्प्युटर'वर माऊसचं उजवं बटण, मग यादीतली सगळ्यात खालची ओळ. एक छोटी चौकट उघडते. वर विंडोजची आवृत्ती, खाली मेमरी किती ते, आणि बाजूला ज्याने विंडोज चढवली त्याचं नाव. या मशीनवर नाव त्याच्याच दुकानाचं होतं. साथी कॉम्प्युटर्स, कोल्हापूर. नावापुढे नंबर होता, चौदा.

धम्मपालने केलेली शेवटची सीडी तेरा नंबरची होती. चौदा नंबर त्याने केलेलाच नव्हता.

"काय झालं?" केरबाने विचारलं. "व्हायरस हाय का?"

"न्हाय."

"मग तोंड का असं झालंय?"

"बसा जरा, केरबा. च्या सांगतो."

"मी बसूनच हाय की."

धम्मपालच्या सीडीला जिल्ह्यातले मेकॅनिक 'वाळकी', म्हणजे रोडावलेली, म्हणतात. कंपनीकडून आलेली विंडोजची सीडी मशीनवर चढवायला पाऊण तास, कधी तासभर लागायचा. दूध संस्था, पतसंस्था, ऊस वाहतुकीची ऑफिसं यांच्याकडची मशीनं पुण्या-मुंबईहून आलेली जुनी, मेमरी तुटपुंजी. निम्मी विंडोज चढायची, लाईट जायची, आणि लाईट आली की पहिल्यापासून सुरू. यावर धम्मपाल आणि त्याचा भागीदार बसवेश यांनी शोधलेला उपाय म्हणजे वाळकी. मूळ सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायची. नंतर निघालेल्या दुरुस्त्या तिच्यात मिसळायच्या. कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला लागणार नाही ते काढून टाकायचं, म्हणजे फिनलंड आणि आइसलंडचे कीबोर्ड, पाच वर्षांमागे बंद पडलेल्या मोडेमचे ड्रायव्हर, परदेशी डोंगरांचे फोटो, कुणी न उघडणारी मदतीची पानं. चढताना विंडोज जे प्रश्न विचारते, देश कुठला, घड्याळ कुठलं, भाषा कुठली, त्यांची उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. म्हणजे समोर माणूस बसायची गरज नाही. सीडी घालायची, बटण दाबायचं आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. सतरा-अठरा मिनिटांत मशीन तयार. विंडोजचा परवाना ज्याचा त्याने आणायचा, अशी पाटी दुकानात होती. ती कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही.

बसवेश गडहिंग्लजकडचा, लिंगायत घरातला. घरी आईशी कन्नड, बाहेर मराठी. धम्मपाल कोल्हापुरातच सिद्धार्थनगरात वाढलेला. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात दोघं एका बाकावर होते, आणि १९९९ मध्ये त्यांनी दुकान काढलं ते त्या बाकाच्याच भरवशावर. वाळकीच्या कामाची वाटणी पहिल्या सीडीपासून ठरलेली होती. धम्मपाल कापायचा, बसवेश तपासायचा. धम्मपालचा हात सुटला आणि लागणारं काही कापलं गेलं, तर बसवेश ते गुपचूप परत घालायचा आणि सीडीचा नंबर एकने वाढवायचा. कुठे चुकलं ते सांगायचा नाही. धम्मपालला नवा नंबर दिसला की त्याने दोन्ही सीड्या शेजारी लावून स्वतःची चूक स्वतः हुडकायची. दहा नंबरांपर्यंत दोघांचं असंच चाललं. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून.

"हे कन्नड कशाला ठेवलंयस?" धम्मपाल दर नव्या सीडीला विचारायचा. "कोल्हापुरात कन्नड कोण टाइप करतंय?"

"एक जण करती."

"एकीसाठी सगळ्या जिल्ह्यानं वझं उचलायचं व्हय?"

"उचलू दे की. तू फिनलंड काढलास तवा मी काय बोललो?"

ती एक जण म्हणजे बसवेशची बायको शिवांजली. संकेश्वरची, शाळा कन्नडमधून झालेली. लग्न होऊन कोल्हापूरला आल्यावर ती वडिलांना, बसलिंगाप्पांना, पत्रं लिहायची, आणि बसवेशने तिला ती कॉम्प्युटरवर टाइप करायला शिकवलं. पुढे त्याच जोरावर तिला शाहूपुरीतल्या एका छापखान्यात काम मिळालं. निपाणी, संकेश्वर, गोकाककडच्या लग्नपत्रिका ती टाइप करते. कन्नडचा एक फॉन्ट आणि एक कीबोर्ड यांना सीडीवर जागा लागते ती नगण्य. धम्मपालला ते माहीत होतं. त्याचं म्हणणं तत्त्वाचं होतं.

२००५ च्या जुलै अखेरीस शिरोळ तालुका पाण्याखाली जात होता. कुरुंदवाडजवळच्या एका दूध संस्थेची मशीनं माडीवर हलवायची होती आणि हलवल्यावर एकावर विंडोज नव्याने चढवायची होती. निघायच्या आदल्या दुपारी बसवेशने अकरा नंबर केला. दहात धम्मपालची काय चूक होती ते नेहमीप्रमाणे सांगितलं नाही. सीडी एकच राइट केली, ती पिशवीत टाकली आणि दुसऱ्या सकाळी मोटरसायकल घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन आला. "वाडीत दत्ताच्या देवळात पाणी वर चढाय लागलंय म्हणत्यात. मी मागच्या वाटेनं येतो." मागची वाट कुठली ते विचारायचं धम्मपालला सुचलं नाही. पुन्हा फोन लागला नाही.

पाणी उतरल्यावर मोटरसायकल सापडली. रस्त्याच्या कडेला ती डबल स्टँडवर उभी होती. टाकीपर्यंत गाळ, आरशाला अडकलेलं गवत, हँडल लॉक केलेलं. एवढ्या पाण्यात गाडी उभी कशी राहिली, याची चर्चा पंचनामा करणाऱ्यांनी आपापसात केली, कागदावर आणली नाही. किल्ली सापडली नाही. पिशवी, सीडी आणि बसवेशही नाही.

त्यानंतर तीन वर्षं धम्मपालने नवी वाळकी केली नाही. दहा नंबरवरच दुकान चालवलं. कारण विचारलं तर तो कामातलं कारण सांगायचा. बारा करायची तर अकरात काय बदललं होतं ते ठाऊक पाहिजे, आणि अकरा गेली.

अकरा गेली नव्हती. २००६ च्या हिवाळ्यात शिरोळहून एक मशीन दुरुस्तीला आलं. धम्मपालने सवयीने चौकट उघडली. दुकानाचं नाव, पुढे अकरा.

तो हादरला, पण भ्याला नाही. आपल्या धम्मात भुताला जागा नाही, असं तो तेव्हाही म्हणायचा. त्याने लावलेला हिशेब सरळ होता. पिशवी गाळात कुणालातरी सापडली असणार. सीडी चिखलातून निघाली तरी धुऊन चालते. एकाने कॉपी काढली, ती दुसऱ्याने घेतली. ज्याचं मशीन होतं त्यालाही विचारून झालं. कुणीतरी येऊन चढवून गेलं, यापलीकडे त्याला आठवत नव्हतं. धम्मपालने शिवांजलीला काही सांगितलं नाही. तिने आधीच एक वर्ष फोनच्या प्रत्येक घंटीला उठून काढलं होतं.

पुढच्या वर्षी अकरा नंबर हातकणंगल्याला निघाला. नंतर शिरोलीला, मग उचगावला. शिरोळपासून कोल्हापूरकडे यायच्या रस्त्यावर ही गावं याच क्रमाने लागतात. धम्मपालने हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण उचगावच्या मशीननंतर काही महिने त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ठेवून काम केलं. गिऱ्हाइकं वाकून आत यायची. विचारलं तर म्हणायचा, धूळ येते.

कोल्हापूर शहरात अकरा नंबर कधीच मिळाला नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये केरबा पहिल्यांदा दुकानात आला, स्वतःच्या दुकानातलं मशीन पोत्यात गुंडाळून. गगनबावड्याच्या पावसाने मदरबोर्डला बुरशी धरली होती. धम्मपालने ते पुसून चालू केलं, चौकट उघडली. बारा.

कॉपी काढणारा कॉपी काढतो, नंबर वाढवत नाही. धम्मपालने आतलं बघायला सुरुवात केली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात निघालेला तिसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा मोठा गठ्ठा, व्यवस्थित मिसळलेला होता. पूर आला तेव्हा हा गठ्ठा निघालेलाच नव्हता. बाकी सगळं कापलेलं, अगदी धम्मपालने कापलं असतं तसं. फिनलंड नाही, आइसलंड नाही. कीबोर्डच्या यादीत इंग्रजी, मराठी, आणि कन्नड.

"हे कोण चढवून गेलं?" त्याने केरबाला विचारलं.

"तुमचाच माणूस की. आत तुमचं नाव हाय म्हणून तर मी हितं आलो."

"दिसायला कसा हुता?"

"बावड्यात पावसाचं कुणाचं तोंड दिसतंय, पावणं? हात पुढं केला तर हात दिसत न्हाय. रेनकोट घातला हुता, टोपी वडून. मी म्हटलं मशीन लय हळू चालतंय. तर म्हणला, बघतो."

"आवाज?"

"माणसासारखा." केरबाने जरा विचार केला. "मी पलीकडं च्या सांगायला गेलो. वीसेक मिनिटं झाली असतील. आलो तर मशीन चालू, ह्यो न्हाय. दोन च्या मीच पिलो. वाटेत बघावं म्हटलं तर धुकंच."

"तुम्ही बोलावलंवता त्याला?"

"न्हाय बा. मला वाटलं तुम्ही फिरतीवर माणूस ठेवलाय."

धम्मपालने केरबाला मशीन परत दिलं आणि त्या दुपारी शाहूपुरीला छापखान्यात गेला. दोन वर्षं लपवलेलं सगळं त्याने शिवांजलीला सांगितलं, शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत. यंत्राच्या आवाजात तिला दोनदा विचारावं लागलं. शेवटी तिने एकच गोष्ट विचारली.

"भावजी, कन्नड ठेवलंय म्हणालात?"

"व्हय."

"कोल्हापूर ओलांडून गेले, आणि कन्नड ठेवलंय."

"वैनी, ते त्योच असंल असं मी म्हणत न्हाय. कुठलं बी पोरगं करंल हे. आता नेटवर सगळं घावतं."

"तुम्ही म्हणू नका."

तिला उत्तर द्यायचं होतं, हे धम्मपालला तेव्हा कळलं. बसलिंगाप्पांनी हुक्केरीकडचं एक स्थळ आणलं होतं. शिक्षक, पहिली बायको वारलेली. बेपत्ता माणसाच्या बाबतीत कायदा सात वर्षं म्हणतो, आणि मुलाकडचे उरलेली वर्षं थांबायला तयार होते. फक्त ती कुणासाठी थांबली आहे, त्यांच्यासाठी की बसवेशसाठी, हे त्यांना कळायला हवं होतं. वडिलांनी पुढच्या बसवजयंतीपर्यंतची मुदत दिली होती. शिवांजली विधवेसारखी राहत नव्हती आणि सवाष्णीच्या ओटीलाही तिला कुणी बोलावत नव्हतं.

"तुम्ही तेरा करा," ती म्हणाली. "त्यांचा बारा आहे, तर तुमचा तेरा. चौकटीत खाली मजकूर लिहिता येतो ना? दुकानाचा फोन नंबर लिहिता तिथं."

"येतो. पर इंग्रजी अक्षरातच."

"चालेल. लिहा, थांबू का? खाली माझं नाव."

"एवढंच?"

"जिवंत आहे का, कुठं आहे, मला काही विचारायचं नाही. एवढंच विचारायचंय."

धम्मपालने तेरा नंबर त्या आठवड्यात केला. बसवेशशिवाय केलेली ही त्याची पहिली वाळकी. तपासायला कुणी नव्हतं. चौकटीतल्या छोट्या बटणाखाली, जिथे मदतीसाठी कुणाला फोन करायचा ते लिहितात, तिथे त्याने रोमन अक्षरांत ती ओळ घातली. दहा सीड्या राइट केल्या, मार्करने तेरा लिहिलं आणि केरबाला पाठवून दिल्या. घाटातून जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटून टाका, म्हणाला. केरबाने विचारलं, फुकट? धम्मपाल म्हणाला, फुकट. हे वेड आहे असं केरबाचं मत झालं, पण सीड्या त्याने शेल्फात ठेवल्या.

पंधरवड्याने एका पतसंस्थेतून ओरड आली. तेरा नंबर चढवल्यापासून रुंद कागदाचा जुना प्रिंटर चालत नव्हता. धम्मपालने कापताना त्याचा ड्रायव्हर उडवला होता, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या पतसंस्थांची पासबुकं त्याच प्रिंटरवर छापली जातात. त्याने त्या एका मशीनवर ड्रायव्हर हाताने घातला. सीडी सुधारली नाही. गेलेल्या दहा परत येणार नव्हत्या.

दिवाळी गेली, शिमगा गेला. गगनबावड्याकडून काही आलं नाही. आणि आता एप्रिल होता, बसवजयंती दहा दिवसांवर, आणि स्टुलावर केरबा बसला होता.

"जावयानं विंडोज कुठली घातली ह्यात?" धम्मपालने विचारलं.

"तुमचीच. तुम्ही धा दिलत्या न्हवं, त्यातली मीच दिली."

"तेरा नंबरची."

"असंल. मी कशाला नंबर बघतोय?" केरबाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "पर एक सांगू का? धा दिलत्या तुम्ही. सात वाटल्या मी, ध्यानात हाय माझ्या, माणसं सुदिक सांगतो. आन शेल्फात ऱ्हायल्या चार."

धम्मपालने बोटांवर मोजलं.

"मी म्हटलं मोजायला चुकलो. परत मोजल्या. सात आन चार. त्या चारातलीच वरची उचलून जावयाला दिली."

"दुकानात कोण आलतं?"

"स्टँडासमोर दुकान हाय, पावणं. कोण येत न्हाय?"

"ती सीडी कुठं हाय आता?"

"जावयानं काजूत टांगलीया. पाखरं बसत न्हाईत, फिरती न्हवं ती, चमकती."

नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी धम्मपालने चौकटीतलं छोटं बटण दाबलं. दुकानाचं नाव होतं, फोन नंबर होता. शिवांजलीची ओळ नव्हती. त्याने प्रिंटरांची यादी उघडली. रुंद कागदाच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर तिथे होता, त्याच्या जागी, जसा कधी कापलाच गेला नव्हता. मग कीबोर्डची यादी. इंग्रजी. मराठी. यादी तिथे संपत होती.

त्याने फॉन्टचं फोल्डर उघडलं आणि एकेक करून बघितलं. कन्नडचा फॉन्टही नव्हता. तेव्हा लाईट गेली. इन्व्हर्टरने शिट्टी मारून मशीन धरलं. पंखा घरघरत राहिला.

धम्मपालने छापखान्यात फोन लावला. शाहूपुरीत लाईट त्याच वेळेला जाते, त्यामुळे छापखाना बंद होता आणि शिवांजली लगेच आली. केरबाला तिने नमस्कार केला. केरबाने स्टूल दिलं आणि दारात जाऊन उभा राहिला. इन्व्हर्टरवर ट्यूब लागत नाही. दुकानात उजेड होता तो फक्त मॉनिटरचा.

"माझी ओळ?" तिने विचारलं.

"काढल्याली हाय."

"आणखी काय?"

"जुना रुंद प्रिंटर परत घातलाय. माझी चूक हुती ती."

"तुमची चूक कुणाला सांगितली होती?"

"कुणालाच न्हाय."

तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढला आणि स्वतःच मशीनला लावला. त्यात छापखान्याच्या पत्रिका होत्या आणि एक पत्र होतं, वडिलांना लिहिलेलं, न पाठवलेलं. तिने ते उघडलं. कन्नड अक्षरांच्या जागी पान चौकटींनी भरलेलं होतं. एकाच मापाच्या रिकाम्या चौकटी, ओळीमागून ओळ. कुठे जागा सोडलेली, कुठे पूर्णविराम. वर तारीख वाचता येत होती, कारण ती आकड्यांत होती. सुरुवातीच्या संबोधनात चौकटी कमी होत्या, शेवटच्या नावात जरा जास्त. शिवांजलीने पत्र वरपासून खालपर्यंत सरकवलं, वाचत असल्यासारखं, शेवटपर्यंत.

"भावजी, त्यांनी कधी सांगून काही दुरुस्त केलं होतं का?"

"न्हाय. नंबर वाढवायचा नुसता."

"आणि तुम्ही समजून घ्यायचं."

"व्हय."

"मग वाढवलाय," शिवांजली म्हणाली.

केरबा दारातून वळला. "मला कुणी सांगंल का काय चाललंय? भूतबीत म्हणायचं का काय ह्याला?"

"तुमच्या जावयाचा प्रिंटर चालंल आता," धम्मपाल म्हणाला. "जुना रुंदवाला."

"जावयाकडं प्रिंटरच न्हाय."

ज्याला हा व्यवसाय ठाऊक आहे त्याला यातली प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली तर काहीच अवघड वाटणार नाही. कन्नड काढायला फार तर दोन खुणा पुसाव्या लागतात, आणि घाटाखाली ते कुणाला लागत नाही. पतसंस्थांची कामं करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला तो ड्रायव्हर आठवला असता. अनोळखी नावाची ओळ कुणीही पुसली असती. शेल्फातल्या सीड्या केरबा चुकीच्याही मोजू शकतो, आणि गाडी पाण्यात उभी राहिली ती गाळाने धरली म्हणून, असं म्हणता येतं. हे सगळं धम्मपालने त्या सकाळी शिवांजलीला सांगितलं, याच क्रमाने. तिने ऐकून घेतलं.

"मला वाचता येईना," ती मॉनिटरकडे बघत म्हणाली. "तेवढं कळलं."

तिने पत्राची ती फाइल पुसली. पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये ठेवला. वडिलांना फोन तिने दुकानातूनच लावला, कन्नडमध्ये, दोन-तीन वाक्यांचा. धम्मपालला त्यातलं 'अप्पा', 'हुक्केरी' आणि 'बसवजयंती' एवढं कळलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. ती हूं हूं करत राहिली.

फोन ठेवल्यावर धम्मपालने मशीनचं झाकण काढलं आणि पंख्याचे स्क्रू सोडवायला घेतले. काम करता करता त्याने विचारलं, "वैनी, पंधरा नंबर करायचाच हाय. प्रिंटर घालून. कन्नड ठेवायचं का?"

"ठेवा की," शिवांजली म्हणाली. "मला काम करायचं नाही का? गोकाकची तीन लग्नं आहेत या महिन्यात."

ती गेली. पंखा बदलून झाला. केरबाने सीपीयू पोत्यात बांधला, दारात जाऊन थांबला आणि शेल्फात राहिलेल्या तीन सीड्यांचं काय करायचं ते विचारलं. धम्मपाल म्हणाला, परत आणून द्या. केरबा म्हणाला, आणतो, पण आधी मोजतो.

वैभववाडीच्या पुढे रस्ता खाली उतरत जातो, आणि समुद्राशी संपतो. तिथून पुढचं एकही गिऱ्हाईक धम्मपालकडे येत नाही.

उद्या शनिवार. दुकान नऊला उघडतं. साडेनऊला लाईट जाते आणि बाराला येते.